चोब, चोप आणि चोपदार

दरबाराचें वर्णन करणारा मराठी लेखक बखरकार असो, शाहीर असो वा अलीकडचा कादंबरीकार असो, सिंहासनापुढें भालदार-चोपदार उभे केल्याशिवाय त्याचें चित्र पुरें होत नाहीं. हा शब्द इतका घरचा झाला आहे कीं, त्याच्या कुळाची चौकशी करावी असें फारसें कोणास वाटत नाहीं. विचारलेंच तर बहुधा असें उत्तर मिळतें कीं, गर्दी हटविण्यासाठीं जो चोप देतो तो चोपदार. ही व्युत्पत्ति ऐकावयास गोड आहे, अर्थाशीं जुळती आहे, आणि मुळांत चुकीची आहे. परंतु चुकीची म्हणून तिला नुसती बाजूस सारतां येत नाहीं. फारसी ‘चोब’ मराठींत ‘चोप’ कां झाला या प्रश्नाचें उत्तर त्या चुकींतच दडलेलें आहे, असें आमचें मत आहे. तें येथें सप्रमाण मांडावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ वैयाकरणांचा नव्हे. जुने कागद जमविणाऱ्या व छापणाऱ्या मंडळींचा त्याशीं नित्य संबंध येतो. मोडी कागदांत ‘चोबदार’ असें स्वच्छ लिहिलेलें असतां तो कारकुनाचा हस्तदोष समजावा, आणि बाळबोध नकलेंत त्याचा ‘चोपदार’ करून टाकावा, असा मोह सहज होण्यासारखा आहे. उलट पक्षीं, ‘चोपदार’ हा अस्सल देशी शब्द असें मानून, तो हुद्दा मुसलमानी अंमलापूर्वींपासून याच नांवानें चालत आला, असें अनुमान काढणेंही तितकेंच सोपें आहे. शब्दाचें मूळ ठरलें नाहीं, तर पहिल्या वाटेनें पुरावा पुसला जातो व दुसऱ्या वाटेनें नसलेला पुरावा उत्पन्न होतो.

प्रथम वस्तु पाहूं. चोपदाराच्या हातांत असते ती लाकडी काठी. तिला रुप्याचा किंवा सोन्याचा पत्रा मढविलेला असतो आणि शेंड्याला गोंडा अथवा मूठ असते. धन्यापुढें चालावें, वाट मोकळी करावी, भेटीस आलेल्याची वर्दी द्यावी, ललकारी द्यावी आणि दरबारांत शांतता राखावी, ही त्याचीं कामें. काठी हें येथें हत्यार नव्हे, हुद्द्याची खूण आहे. मारण्यासाठीं कोणी रुप्याचा पत्रा मढवीत नाहीं, एवढी एकच गोष्ट ‘चोप देणारा’ या अर्थाविरुद्ध पुरेशी शंका उत्पन्न करते.

आतां शब्द. फारसींत ‘चोब’ म्हणजे लाकूड. त्यावरून लाकडाची काठी, खांब, दांडा. त्याच शब्दाचें विशेषण ‘चोबीन’, म्हणजे लाकडी. अबुल फज़लानें ‘आईन-इ-अकबरी’ंत बादशाही तंबूंचीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘चोबीन रावटी’ येते. तिच्यांतील पहिला शब्द तिकडचा व दुसरा आपल्या इकडचा, ही गंमत वाचकांच्या ध्यानांत येईलच. हिंदुस्थानींत एका खांबाच्या तंबूस ‘एकचोबा’ व दोन खांबांच्या तंबूस ‘दोचोबा’ म्हणतात. नगारा ज्या टिपरीनें वाजवितात तिलाही ‘चोब’च म्हणतात. म्हणजे फरासखान्यांत तंबूचा खांब, नगारखान्यांत टिपरी आणि दरबारांत मानाची काठी, असा हा एकच शब्द एकाच छावणींत तीन ठिकाणीं काम करीत होता. तिन्ही ठिकाणीं समान काय, तर लाकूड. मारणें हा अर्थ त्यांपैकीं एकाही ठिकाणीं मुळांत नाहीं. टिपरी नगाऱ्यावर पडते खरी, पण तिचें नांव त्या पडण्यावरून आलेलें नाहीं.

या शब्दांतील ओकाराकडेही लक्ष द्यावें. आजच्या इराणांत हा शब्द ‘चूब’ असा उच्चारतात. अफगाणिस्तानांतील फारसींत मात्र तो ‘चोब’च आहे, आणि हिंदुस्थानांत फारसी शिकलेल्या मंडळींच्या तोंडींही तो ‘चोब’च राहिला. जुन्या फारसींत दीर्घ ओ व दीर्घ ऊ हे दोन निरनिराळे स्वर होते. इराणांत पुढें ओचा ऊ झाला, इकडे तो भेद टिकला. म्हणूनच इराणी ‘दूस्त’ म्हणतो व आपण ‘दोस्त’ म्हणतों. तो ‘रूज़’ म्हणतो व आपण ‘रोज’ म्हणतों. आमच्याकडील उच्चार भ्रष्ट व तिकडील शुद्ध अशी जी एक समजूत आढळते, ती या स्वराच्या बाबतींत तरी खोटी आहे. मराठी ‘चोपदारां’तील ओ हा जुन्या फारसीचा अवशेष आहे.

ओ जुना, मग प तरी जुना कां नसावा, असें कोणी विचारील. त्याला आधारही दाखवितां येईल. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी लिखाणांत हा शब्द प-वर्णानेंच लिहिलेला सांपडतो. परंतु पहलवीचें लेखन उच्चाराच्या मागें पडलेलें होतें. स्वरानंतरच्या प चा उच्चार तोंडांत ब झाल्यावरही लेखणी जुनाच वर्ण गिरवीत राहिली. आपल्याकडे हा शब्द पहलवीतून आला नाहीं. तो आला तो अरबी लिपींत लिहिल्या जाणाऱ्या नव्या फारसींतून, आणि तेथें तो ब नेंच लिहितात व ब नेंच बोलतात. जुन्या फारसी पोथ्यांत पे अक्षराचे तीन नुक्ते पुष्कळदां एकावर भागविलेले असतात, तेव्हां केवळ लेखनावरून ब-प चा निवाडा होत नाहीं, हा आक्षेप आम्हांस माहीत आहे. पण काबूल व तेहरान या दोन्ही ठिकाणच्या जिवंत उच्चारांत ब आहे. त्यापुढें नुक्त्यांचा वाद टिकत नाहीं.

हा शब्द हिंदुस्थानासंबंधीं केव्हांपासून लिहिला गेला याचा एक चांगला पुरावा दक्षिणेंतलाच आहे. हेरातच्या शाहरुखाचा वकील अब्दुर रज्ज़ाक इ. स. १४४३ मध्यें विजयनगरास होता. तेथील दणाईक कचेरीच्या दिवाणखान्यांत उच्चासनावर बसून कारभार पाहत असतां दोन्ही बाजूंस चोबदार ओळीनें उभे असत, असें तो लिहितो. यावरून विजयनगरांत काठीधारी सेवक होते हें सिद्ध होतें. त्यांना तेथें ‘चोबदार’ म्हणत हें मात्र सिद्ध होत नाहीं. अब्दुर रज्ज़ाकानें आपल्या घरचा शब्द परक्या दरबारास लावला, इतकेंच. परकी प्रवाशांच्या वृत्तांतांतून शब्द उचलतांना हा भेद न पाळल्यानें पुष्कळ घोटाळे होतात.

आतां मुख्य प्रश्न. ‘चोब’चा ‘चोप’ कां? फारसी शब्द मराठींत येतांना ब चा प होतो असा नियम ठोकून देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण असा नियम नाहीं. ‘गरीब’, ‘खराब’, ‘गुलाब’, ‘अजब’, ‘नबाब’, ‘किताब’, ‘हिशेब’ या शब्दांच्या शेवटीं ब सुखानें नांदत आहे. ‘चाबूक’ शब्दांत तो मधें आहे, तेथेंही त्याला कोणी धक्का लावलेला नाहीं. ‘पातशहा’ व ‘बादशहा’ या जोडीवरून ब चा प होतो असें दाखविण्याचा प्रयत्न कोणी करील, तर तो उलटा पडेल. मूळ फारसी शब्द प नेंच आरंभ होणारा आहे. ‘बादशाह’ हें रूप हिंदुस्थानांत मागाहून रूढ झालें, आणि मराठी ‘पातशहा’नें आरंभींचा मूळ वर्ण संभाळला. ‘हप्ता’ व ‘पोतदार’ यांत प आहे, पण तो फ चा झालेला आहे. ‘हफ्ता’ व ‘फोतादार’ हीं त्यांचीं मूळ रूपें.

ब चा प झाल्याचीं खरीं उदाहरणें पाहूं गेल्यास त्यांत एक विशेष दिसतो. अरबी ‘ज़ब्त’ मराठींत ‘जप्त’ झाला. येथें ब च्या पुढें त हा अघोष वर्ण आहे. त्याच्या संगतीनें ब लाही घोष सोडावा लागला. त्याच वळणाच्या ‘राबता’ शब्दांत ब व त यांच्यामध्यें अकार पूर्वीं उच्चारला जात असल्यानें ब शाबूत राहिला. दुसरें उदाहरण आमच्या विषयाशीं अगदीं सख्ख्या नात्याचें आहे. वैद्यांच्या पेटींतील ‘चोपचिनी’ ही फारसी ‘चोब-इ-चीनी’, म्हणजे चीन देशचें लाकूड. ही मुळी सोळाव्या शतकांत समुद्रमार्गें आपल्या किनाऱ्यावर आली. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्त यानें इ. स. १५६३ मध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत तिच्यावर एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे, आणि आपल्या भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त फिरंगरोगाच्या चिकित्सेंत ती सांगितली आहे. भावमिश्राच्या संस्कृतांतही तिचें नांव प नेंच येतें. तेव्हां ‘चोबचीनी’चें ‘चोपचीनी’ होणें हें मराठीचें खास कृत्य नव्हे. पुढें च हा अघोष वर्ण असल्यानें ब चा प होणें उच्चारधर्मास धरूनच आहे. हा शब्द संस्कृत ग्रंथांत सांपडतो एवढ्यावरून ‘चोप’ संस्कृत आहे असें मात्र कोणी समजूं नये. संस्कृत ग्रंथांत फिरंगही सांपडतो.

‘चोबदारां’त परिस्थिति अगदीं उलट आहे. ब च्या पुढें द आहे, आणि द हा घोष वर्ण आहे. त्याच्या संगतीनें ब ला अघोष होण्याचें कांहींच कारण नाहीं. उलट तेथें प असता तरी त्याचा ब होण्याकडे ओढा असता. हें नुसतें तर्काचें बोलणें नव्हे. ‘जबाबदार’ शब्दांत हीच वर्णांची गांठ आहे: पुढें दार, मागें ब. सारा महाराष्ट्र रोज ‘जबाबदार’ व ‘जबाबदारी’ म्हणतो, ‘जबापदार’ कोणी म्हणत नाहीं. पेशवाई कागदांत जागोजाग येणारा ‘आबदारखाना’ पाहा; तेथेंही ब जागचा हललेला नाहीं. मग एकट्या चोबदारासच प कां व्हावा? उच्चारशास्त्र याचें उत्तर देऊं शकत नाहीं. उत्तर बाहेरून आणावें लागतें.

तें बाहेरचें कारण म्हणजे मराठींत आधींपासून वावरणारी ‘चोपणें’ ही क्रिया. जमीन चोपतात, धाब्याची माती चोपतात, आणि ज्या लाकडी साधनानें चोपतात त्यालाही चोपणें म्हणतात. माणसास चोप देतात तो यावरूनच. ‘चोब’ या परक्या शब्दास मराठींत आप्त कोणी नव्हता. ‘जबाब’ व ‘आब’ हे सुटे शब्द म्हणून मराठींत रूढ झाले, म्हणून ‘जबाबदार’ व ‘आबदार’ यांचा पूर्वार्ध लोकांस ओळखतां येई. चोबाचें तसें झालें नाहीं. काठीला आपल्याकडे काठी, सोटा, दंड, छडी असे किती तरी शब्द असल्यानें तो सुटा शब्द मराठींत कधीं रुळलाच नाहीं. ‘चोबदारां’तील दार लोकांस कळे, चोब कळेना. न कळणाऱ्या शब्दास कळणाऱ्या शब्दाचा वेष चढविणें ही लोकांची जुनी संवय आहे. हातांत काठी घेऊन गर्दी हटविणारा माणूस डोळ्यांपुढें, आणि तोंडांत चोप शब्द तयार. अशा स्थितींत ब चा प होण्यास वेळ लागण्याचें कारण नव्हतें. तात्पर्य, ‘चोप देणारा तो चोपदार’ ही व्युत्पत्ति शब्दाच्या जन्माची म्हणून खोटी आहे, पण त्याच्या रूपांतराची म्हणून खरी आहे. शब्द फारसी, त्यांतील प मात्र मराठीनें दिलेला.

उत्तरार्ध ‘दार’ हा फारसी ‘दाश्तन्’ म्हणजे धरणें, बाळगणें या धातूचा. आणि तो धातु संस्कृत ‘धृ’चा सख्खा भाऊ आहे. म्हणून चोबदार म्हणजे अक्षरशः काष्ठधर. आतां संस्कृतांतील ‘वेत्रधर’ शब्द शेजारीं ठेवून पाहा. वेत्र म्हणजे वेत, आणि तो धरणारा वेत्रधर. दोन्ही शब्दांची घडण एक, उत्तरार्ध मूळचा एक, आणि पूर्वार्धांत दोहोंकडे काठीच्या द्रव्याचें नांव, एकीकडे वेत व दुसरीकडे लाकूड. एकानें दुसऱ्याचें भाषांतर केलें असें म्हणण्याचें कारण नाहीं. राजाच्या दारीं काठी धरून माणूस उभा करण्याची रीत दोन्ही देशांत होती व दोन्ही भाषांनीं तिला एकाच प्रकारें नांव दिलें.

आपल्याकडील ही रीत किती जुनी आहे हें कालिदासावरूनच दिसतें. ‘शाकुंतला’च्या पांचव्या अंकाच्या आरंभीं वृद्ध कंचुकी आपल्या वेताच्या काठीविषयीं बोलतो. अंतःपुराच्या अधिकाराची रीत म्हणून जी त्यानें तरुणपणीं हातीं घेतली, तीच आतां अडखळणाऱ्या पायांचा आधार झाली आहे. मानाच्या काठीबद्दल इतकें मार्मिक दुसऱ्या कोणीं लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. त्याच नाटकांतील प्रतिहारीचें नांवच वेत्रवती आहे. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गांत विदर्भराजाच्या घरीं इंदुमतीच्या स्वयंवरांत एकेका राजाची ओळख करून देणारी सुनंदा ही वेत्र धारण करण्याच्या कामावर नेमलेली म्हणून वर्णिली आहे, वर्दी देणें व ओळख करून देणें हें पुढें चोपदाराकडे आलेलें काम ती करीत आहे. या हुद्द्याचें सर्वसामान्य नांव प्रतीहार, प्राकृतांत पडिहार. तो हलका मानला जात नसे. कनोजच्या गुर्जर-प्रतीहारांनीं आपल्या कुळाचें नांव रामाच्या दारीं प्रतीहार म्हणून उभ्या राहिलेल्या लक्ष्मणावरून लाविलें, हें मिहिरभोजाच्या ग्वाल्हेरच्या प्रशस्तींत नमूद आहे. असा हा वेत मराठींत मात्र पार उतरला. राजद्वारींचा वेत पंतोजीच्या हातीं गेला, आणि तेथें त्यानें जें काम केलें त्यास ‘चोप’ हाच शब्द योग्य आहे.

येथें ‘राजदंड’ शब्दाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. आज विधिमंडळांत अध्यक्षांपुढें ठेवलेल्या मानदंडास आपण सर्रास राजदंड म्हणतों, आणि त्या अर्थाचें बोट धरून मागें जाऊं लागतों. परंतु धर्मशास्त्रांत व जुन्या कागदांत ‘दंड’ म्हणजे प्राधान्यें शासन, शिक्षा किंवा शिक्षेदाखल घ्यावयाचा पैसा. मनूच्या सातव्या अध्यायांत दंडाची थोरवी गाइली आहे ती राजाच्या शासनशक्तीची, मुठींतल्या काठीची नव्हे. म्हणून जुन्या निवाड्यांत ‘राजदंड’ आला तर प्रथम शिक्षा व दंडाची रक्कम हा अर्थ लावून पाहावा; सोन्याची काठी शोधीत बसूं नये.

काठीला नांव देण्याची याहून निराळी तऱ्हा तामिळ भाषेंत आहे. तेथें राजाच्या काठीस ‘सेंगोल’ म्हणतात. ‘कोल’ म्हणजे काठी, व तिच्या आधींचें पद ‘सेम्’ हें सरळपणाचें, नीटपणाचें वाचक. त्याच्या उलट ‘कोडुंगोल’, म्हणजे वांकडी काठी, अर्थात् जुलमी राज्य. ‘तिरुक्कुरळ’ ग्रंथांत या दोन प्रकारच्या राज्यांवर लागोपाठ दोन अधिकार, ५५ वा व ५६ वा, आहेत. दि. २८ मे २०२३ रोजीं दिल्लीस संसदेच्या नव्या भवनांत सेंगोलाची स्थापना झाली, तेव्हां त्याच्या नांवास संस्कृत ‘शंख’ किंवा ‘शंकु’ यांच्याकडे ओढण्याचा प्रयत्न झाला. तो अनाठायीं होता, कारण शब्दाचे दोन्ही अवयव तामिळींत आजही स्वतंत्रपणें जिवंत आहेत. तामिळ शब्दांत काठीच्या गुणाचें नांव आहे, वेत्र व चोब यांत तिच्या द्रव्याचें. ‘चोपदारां’तून न्यायाचा वा दंडशक्तीचा अर्थ काढूं पाहणाऱ्यानें हा फरक ध्यानांत घ्यावा.

मोगली दरबारांत चोब ही एकटीच काठी नव्हती. तेथें गुर्ज होता, आणि तो धरणारा गुर्जबरदार. बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या दरबारीं होता. उंच, देखणे पुरुष या कामावर निवडतात, सभेंत शिस्त राखणें व बादशहाचे हुकूम पोंचविणें हीं कामें त्यांच्याकडे असतात, असें तो सांगतो. गुर्ज म्हणजे गदा, मूळचें हत्यारच. हा फारसी शब्द ‘वज्रा’चा भाऊबंद आहे, इराणी ‘वज़्र’ उलटापालट होऊन ‘वर्ज़’ व पुढें ‘गुर्ज़’ झाला. इंद्राच्या हातचें आयुध असें बादशाही हरकाऱ्याच्या खांद्यावर आलें. चोब व गुर्ज यांची गल्लत इंग्रजी पुस्तकांत फार झाली आहे, कारण इंग्रजी लेखक दोहोंसही गदावाचक एकच शब्द वापरतात. त्यांच्या भाषांतरांवरून मराठींत लिहितांना चोपदाराच्या हातीं गदा देण्याचा प्रमाद टाळावा. चोब ही मुळांतच निःशस्त्र काठी आहे.

मराठ्यांच्या राजचिन्हांबद्दल बोलतांना हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाचा वृत्तांत सोडून चालत नाहीं. दि. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या वेळीं तो तेथें हजर होता. सिंहासनाच्या उजव्या हातास मोठ्या दांतांचीं सोन्याचीं दोन मत्स्यमुखें, आणि डाव्या हातास घोड्यांचीं पुच्छें व एका मूल्यवान् भाल्याच्या टोंकास समतोल लटकणारा सोन्याचा तराजू त्यानें पाहिला, व तराजू हें न्यायाचें चिन्ह असें लिहून ठेविलें. बर्नियेनेंही मोगल बादशहाच्या स्वारींत रुप्याच्या दांड्यांवर मासे व इतर आकृति मिरवीत असत असें लिहिलें आहे. हे दोन उतारे जवळजवळ ठेवले म्हणजे रायगडावरील मांडणींत त्या काळच्या सार्वभौमत्वाची सर्वांस कळणारी भाषा वापरली होती हें उघड होतें. विधि वैदिक, दांड्यांवरील चिन्हें दिल्लीस ओळखूं येतील अशीं. यांत विसंगति मानण्याचें कारण नाहीं. दावा ज्याच्यापुढें करावयाचा त्याला समजेल अशाच खुणांनीं तो करावा लागतो.

याच काळांत महाराजांच्या आज्ञेनें ‘राजव्यवहारकोश’ झाला. दहा वर्गांच्या या कोशांत दरबारी व्यवहारांतील यवनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. त्याचा परिणाम मोठ्या पदांवर दिसतो. अष्टप्रधानांचीं नांवें पालटलीं, पेशवे व मुजुमदार यांच्या जागीं मुख्य प्रधान व अमात्य आले. त्यांतही पेशवे हें नांव पुढें पुनः डोकें वर काढून बसलें. पत्रांतील फारसीचें प्रमाण शिवकालानंतर कसें उतरत गेलें हें राजवाड्यांनीं निरनिराळ्या सालांचीं पत्रें ताडून दाखविलें आहे. पण चोपदार, हुजऱ्या, फरास, नगारची अशीं खालच्या हुद्द्यांचीं नांवें ढळलीं नाहींत. प्रधानाचें नांव शिक्क्यावर असतें, तें आज्ञेनें बदलतां येतें. चोपदाराचें नांव लोकांच्या जिभेवर असतें. शिवाय एव्हांना तो शब्द चोपण्याशीं नातें जोडून घरचा झाला असेल, तर त्याला यवनी म्हणून हांकलण्याचें कोणाच्या मनांतही आलें नसावें.

जोडीदार भालदाराविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. भाला आपला, संस्कृत ‘भल्ल’ शब्दावरून आलेला, व दार फारसी. अशा मिश्र घडणीचे शब्द मराठींत पुष्कळ आहेत. एवढेंच सांगण्याजोगें कीं, ‘ठाणें’ शब्दावरून ‘ठाणेदार’ होतो, त्या रीतीनें ‘भालेदार’ व्हावयास हवा होता, तो ‘भालदार’ झाला. चोपदाराच्या जोडीस बसण्यासाठीं त्यानें आपली एक मात्रा सोडली असावी, असा आमचा तर्क आहे.

राज्यें गेलीं तरी शब्द गेला नाहीं. उच्च न्यायालयांत न्यायमूर्तींपुढें चालणाऱ्या सेवकांस तो लावला जातो. पण तो खरा जिवंत पाहावयाचा असेल तर आषाढीच्या वारींत. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सोहळा ज्यांनीं आजच्या रूपास आणला ते हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. त्यामुळें त्या सोहळ्यास अश्व, छत्र, अबदागीर, कर्णा असा सगळा राजेशाही थाट चढला, आणि राजाच्या दारचा चोपदार संतांच्या दारीं आला. मुक्कामाच्या ठिकाणीं समाज-आरतीच्या वेळीं चोपदार आपली रुपेरी काठी उंच करतो आणि टाळ-मृदंगाचा हलकल्लोळ तत्काळ थांबतो. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात; मग चोपदार तेथें जातो, गाऱ्हाणें ऐकून घेतो, आणि त्याचा निवाडा लावला जातो. लाखोंच्या समुदायांत त्या काठीचा स्पर्श कोणास होत नाहीं, व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

जुने कागद छापणाऱ्या मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, तैनातजाबते, मुशाहिऱ्याच्या यादी, दरबारखर्चाचे तुमार यांत हा शब्द येईल तेथें मुळांत असेल तसाच तो उतरावा. ब असेल तर ब, प असेल तर प. आणि एकाच कागदांत दोन्ही असतील तर दोन्ही. ज्या लेखकास फारसी येत होती त्याच्या लेखणींतून ब येणें साहजिक आहे, ज्यास येत नव्हती त्याच्या लेखणींतून प. तेव्हां ‘चोबदार’ हा हस्तदोष नसून लिहिणाऱ्याच्या शिक्षणाची खूण असण्याचा संभव अधिक. गांवगन्ना दप्तरांतील कागद व हुजूरच्या फडांतील कागद शेजारीं ठेवून, सालवार ही दोन रूपें टिपून ठेवल्यास प चा प्रवेश कोणत्या बाजूनें झाला हें त्यांवरूनच वाचतां येईल. यादींत ‘चोब’ असा सुटा शब्द आला तर मात्र पुढचा-मागचा मजकूर पाहावा. मागें डेरे व कनाता असतील तर तो खांब आहे, नगारे असतील तर टिपरी आहे, आणि रुपें तोळ्यांनीं लिहिलें असेल तरच ती चोपदाराची काठी.